माग हरवण्यापूर्वी

(सायबर गुन्हेगारी आणि राज्यशासनाचे संरक्षण या विषयावर शेवगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फसवणूक म्हणजे काय, हे शेवगाव तालुक्याला समजावून सांगण्याची आवश्यकता आता राहिलेली नाही. शेअर बाजारातील गुंतवणुकीच्या नावाखाली दरमहा भरघोस परताव्याचे आमिष दाखवणारी दुकाने या तालुक्यात गावोगावी उभी राहिली आणि २०२४ साली ती एकामागून एक कोसळली. उसाचे बिल, कापसाची पट्टी, निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी, मुलीच्या लग्नासाठी जपलेले सोने, असे जे जे घरात होते ते या दुकानांच्या स्वाधीन झाले होते. चालक परागंदा झाले. पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल झाले. पण गुन्हा नोंदवला जाणे आणि गेलेला पैसा घरी परत येणे यांत केवढे अंतर असते, याचा दाहक अनुभव अनेक कुटुंबांनी घेतला.

काटेकोर अर्थाने हा सायबर गुन्हा नव्हता. पैसे घेणारा माणूस ओळखीचा होता, त्याचे दुकान डोळ्यांसमोर होते. परंतु अशा प्रकरणांत नेहमी जे घडते ते येथे ध्यानात घ्यावे लागते. व्याज मिळते आहे तोवर कोणी प्रश्न विचारत नाही आणि व्याज थांबल्यावर लोकलज्जेने कोणी बोलत नाही. या दोन शांततांच्या मधल्या काळात चोर कोसभर पुढे गेलेला असतो. आता तेच आमिष भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अवतरले आहे. एखाद्या अनोळखी व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्राम समूहात नाव घातले जाते. तेथे रोज कोणी ना कोणी नफ्याची छायाचित्रे टाकत असतो. एक बनावट अॅप उतरवून घ्यायला सांगितले जाते. त्या अॅपवर पैसे वाढताना दिसतात, मात्र काढायला गेले की 'आधी कर भरा' असा निरोप येतो. येथे दुकान नाही, चालकाचा चेहरा नाही, आणि त्याचे गाव कोणते, देश कोणता, हेही ठाऊक नाही.

या संकटाची व्याप्ती केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांवरून कळते. सायबर फसवणुकीत भारतीय नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ साली हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! तेव्हा प्रश्न असा, की सामान्य माणसाचे रक्षण कोणी करायचे? केंद्राने, बँकेने, राज्याने, की ज्याचे त्याने?

माग काढण्याची जुनी रीत

हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. मराठी मुलखात पूर्वी एखाद्या घरी चोरी झाली, की गावचा जागल्या अथवा रामोशी पावलांचा माग काढत निघे. माग शिवेपर्यंत पोहोचला, की तो शेजारच्या गावाच्या स्वाधीन केला जाई. त्या गावाने एक तर माग आपल्या शिवेबाहेर गेल्याचे दाखवून द्यायचे, नाही तर चोरीचा जाब द्यायचा. या व्यवस्थेत दोष होतेच. पण तिच्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. पहिली, माग ताजा असतानाच निघाले पाहिजे. पाऊस पडला, गुरे चालून गेली, की सारे संपले. दुसरी, शीव आली म्हणून कोणाची जबाबदारी संपत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण 'कण्टकशोधन' या नावाने प्रसिद्ध आहे. समाजाच्या पायात रुतणारे काटे हुडकून काढणे हे राज्यसंस्थेचे काम, असे तेथे मानलेले आहे. लबाड कारागीर, लबाड व्यापारी आणि 'गूढाजीवी' म्हणजे गुप्त मार्गांनी उपजीविका करणारे लोक, यांच्यापासून प्रजेचे रक्षण कसे करावे याची त्यात तपशीलवार चर्चा आहे. चोरीस गेलेले द्रव्य राजाला परत मिळवून देता आले नाही, तर त्याने ते स्वतःच्या कोषातून द्यावे, असा दंडक कौटिल्यानेही घातला आहे आणि याज्ञवल्क्य स्मृतीनेही. चोर पकडला एवढ्याने राजधर्म पूर्ण होत नाही. प्रजेचे धन प्रजेला परत मिळाले पाहिजे, हा त्यामागील विचार आहे. आजच्या राज्यांच्या सायबर यंत्रणांचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हायला हवे.

हा विषय राज्याचाच का?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा संसदेने केला आणि तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. बँकांवर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचे. दूरसंचार खाते केंद्राचे. त्यामुळे सायबर सुरक्षा हा दिल्लीचा विषय आहे, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तुस्थिती निराळी आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील दुसऱ्या सूचीत पहिले दोन विषय आहेत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस. दोन्ही राज्यांचे. कायदा कोणीही करो, तक्रार नोंदवणारा, तपास करणारा, आरोपीला न्यायालयासमोर उभे करणारा अधिकारी राज्याचाच असतो.

महाराष्ट्राने या कामाला तुलनेने लवकर आरंभ केला. मुंबई पोलिसांचा सायबर गुन्हे तपास कक्ष डिसेंबर २००० मध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी सुरू झाला. १५ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यातील जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा उघडण्यात आल्या. जप्त केलेला भ्रमणध्वनी वा संगणक तपासण्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसण्याची वेळ जिल्ह्यांवर येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे जिल्ह्यांच्या ठिकाणी स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आली. अहिल्यानगरलाही असे ठाणे आहे. या साऱ्यांची मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे 'महाराष्ट्र सायबर'. राज्य मंत्रिमंडळाने २०२३ साली सायबर सुरक्षा प्रकल्पासाठी ८३७ कोटी रुपयांना मान्यता दिली आणि नवी मुंबईतील महापे येथे त्याचे केंद्र उभे राहिले.

इतर राज्यांनीही आपापल्या परीने वाटा काढल्या. कर्नाटकाने २००१ सालीच बंगळुरू येथे सायबर पोलीस ठाणे सुरू केले. केरळ पोलिसांनी २०१६ साली तिरुवनंतपुरम येथे 'सायबरडोम' उभारून खासगी क्षेत्रातील तज्ज्ञांना पोलिसांच्या जोडीला बसवले. ज्या जामताडा जिल्ह्याचे नाव बँकेच्या बनावट दूरध्वनींमुळे देशभर बदनाम झाले, तेथे झारखंडने खास सायबर ठाणे काढले. तेलंगणाने २०२३ साली स्वतंत्र सायबर सुरक्षा ब्युरो स्थापन केला. प्रयोग वेगळे असले तरी धडा सर्वांचा एकच आहे. चाकू-सुऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी घडवलेली पोलीस यंत्रणा या गुन्ह्यांना पुरी पडत नाही. तिला नवे डोळे द्यावे लागतात.

एक हजार नऊशे तीसचा अर्थ

हे नवे डोळे काम कसे करतात, हे प्रत्येक घराने नीट समजून घेण्याजोगे आहे. समजा, एखाद्या गृहस्थाच्या खात्यातून भामट्याने ऐंशी हजार रुपये काढून घेतले. ते पैसे पहिल्या खात्यात फार काळ राहत नाहीत. तेथून ते तीन-चार खात्यांत विभागले जातात, त्या खात्यांतून आणखी पुढे जातात आणि शेवटी कुठल्या तरी दूरच्या गावी एटीएममधून रोख काढले जातात किंवा आभासी चलनात बदलले जातात. ही मधली खाती बहुधा भाडोत्री असतात. चार-पाच हजार रुपयांच्या मोहाने कोणी विद्यार्थी वा मजूर आपले पासबुक, कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करतो. पोलिसांच्या भाषेत यांना 'म्युल' खाती, म्हणजे ओझे वाहणाऱ्या खेचरासारखी खाती म्हणतात.

या प्रवासात पैसा जोवर कुठल्या तरी खात्यात आहे, तोवरच तो अडवता येतो. त्यासाठी २०२१ साली केंद्र सरकारच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एक व्यवस्था निर्माण केली. तिचा आरंभीचा मदत क्रमांक १५५२६० होता; पुढे तो १९३० झाला. क्रमांक देशभर एकच असला, तरी दूरध्वनी उचलणारा माणूस त्या त्या राज्याच्या पोलीस दलाचा असतो. तक्रारदाराने आपले नाव, खाते असलेली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक सांगितला, की तो तपशील संगणकावर नोंदवला जातो आणि ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेच्या पडद्यावर तत्काळ उमटतो. पैसे तेथे असतील तर बँक ते रोखून धरते. पुढे गेले असतील, तर कोणत्या बँकेत गेले ते ती नोंदवते आणि तक्रार त्या पुढच्या बँकेकडे सरकते. शिवेवर पोहोचलेला माग पुढच्या गावाच्या हाती देण्याची जी जुनी रीत, तिचेच हे विजेच्या वेगाने चालणारे रूप होय. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरून पूर्तता करावयाची असते. राज्याचा स्वतःचा १९४५ हा मदत क्रमांकही आहे.

या व्यवस्थेमुळे देशभरात २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ५,४८९ कोटी रुपये वाचवता आले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. रक्कम मोठी आहे. परंतु एकट्या २०२४ मधील नुकसान तिच्या चौपट आहे, हेही विसरता येत नाही. बाकीचे पैसे का वाचले नाहीत? कारणे अनेक असली, तरी मुख्य कारण जागल्यालाही ठाऊक होते. माग शिळा झाला होता! फसलेला माणूस पहिली रात्र स्वतःला दोष देण्यात घालवतो, दुसरा दिवस भामट्यालाच दूरध्वनी करून विनवण्या करण्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी तो बँकेत जातो. राज्याने कितीही कोटी खर्चून केंद्र उभारले, तरी त्या केंद्राचे चाक फिरवणारा पहिला हात नागरिकाचाच असतो.

कॉसमॉसचा धडा

ताज्या मागाचे मोल केवळ व्यक्तीलाच असते असे नाही. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवारचा दिवस. पुण्याच्या कॉसमॉस या जुन्या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत हल्लेखोरांनी आधीच घुसखोरी केली होती. बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी त्यांनी बसवलेली बनावट यंत्रणा पैसे देण्यास मंजुरी देऊ लागली. अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतातील त्या एटीएमच्या यादीत आपले कोल्हापूरही होते. दोन दिवसांनी, १३ ऑगस्ट रोजी, स्विफ्ट प्रणालीतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँकेच्या खात्यात पाठवले गेले. एकूण चोरी ९४ कोटींच्या घरात गेली. उत्तर कोरियावरील निर्बंधांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पुढे या हल्ल्याचा संबंध त्या देशाशी जोडला.

या प्रकरणात पुणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमले. एटीएमवरील चित्रणावरून पैसे काढणारे हस्तक शोधले. हाँगकाँगमधील खात्यात अडवलेल्या रकमेपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास रक्कम परत मिळवली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींना दोषी ठरवले. राज्याचे पोलीस दल मनावर घेते, तेव्हा साता समुद्रापार गेलेला मागही काही अंशी काढता येतो, हे या प्रकरणाने दाखवले. मात्र पडद्यामागचे सूत्रधार हाती लागले नाहीत. राज्याच्या पोलिसांची शीव जेथे संपते तेथून पुढे केंद्राची आणि परराष्ट्रसंबंधांची शीव सुरू होते, याचीही जाणीव या प्रकरणाने करून दिली.

सीमेपलीकडील हात

पैशांची चोरी ही या संकटाची एक बाजू झाली. दुसरी थेट राष्ट्राच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. लोकल गाड्या थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकी संस्थेने भारताच्या वीज यंत्रणेत चीनशी संबंधित गटाने शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी हा मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. मतभेद बाजूला ठेवले, तरी वीज, पाणी, रेल्वे यांचा कारभार संगणकावर गेल्यानंतर शत्रूला सीमा ओलांडण्याची गरज उरत नाही, हे सत्य राहतेच. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला होऊन कामकाज विस्कळीत झाले होते.

पहलगाममधील हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये भारताने 'ऑपरेशन सिंदूर' हाती घेतले. त्या काळात भारतातील संकेतस्थळांवर आणि यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाल्याचे आणि त्यांपैकी दीडशेच यशस्वी झाल्याचे महाराष्ट्र सायबरने आपल्या 'रोड ऑफ सिंदूर' या अहवालात नोंदवले. या हल्ल्यांमागे सात गट असल्याचेही त्यात म्हटले होते. हल्ल्यांच्या जोडीला खोट्या बातम्यांचा पूर आला होता. आलेला मजकूर खातरजमा न करता पुढे ढकलणारा देशभक्त नागरिकसुद्धा नकळत शत्रूचे काम करतो, हे त्या दिवसांत प्रकर्षाने दिसले.

आणखी एक वेदनादायी पैलू आहे. फसवणारा आवाज पुष्कळदा भारतीयाचाच असतो आणि तोही अनेकदा फसवलेलाच असतो. परदेशात चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमार, कंबोडिया येथील तळांवर नेले जाते आणि पारपत्र काढून घेऊन त्यांना या धंद्याला जुंपले जाते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका घडवून आणली आणि काही दलालांना अटक केली. ग्रामीण भागातील सुशिक्षित बेरोजगार तरुण हेच अशा दलालांचे भक्ष्य असते. मुलगा परदेशी निघाला की पेढे वाटण्याआधी ती नोकरी, तो दलाल आणि तो परवाना तपासून पाहणे हे आई-वडिलांचे कर्तव्य ठरते.

मंत्रालयातले अपरिचित दार

राज्यशासनाच्या हाती असलेले एक प्रभावी साधन फारच थोड्यांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४६ व्या कलमानुसार प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. संगणकीय मार्गाने झालेल्या नुकसानीची पाच कोटी रुपयांपर्यंतची भरपाई ते मंजूर करू शकतात. येथे चोर सापडलाच पाहिजे अशी अट नाही. बँकेने किंवा दूरसंचार कंपनीने पुरेशी दक्षता घेतली नाही असे सिद्ध झाले, तर त्यांनाही भरपाई द्यावी लागते. २०१३ साली महाराष्ट्रात अशा एका प्रकरणात पुण्यातील उद्योगाला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश एका राष्ट्रीयीकृत बँकेला झाला होता. अर्ज शक्यतो चार महिन्यांत आणि फार तर सहा महिन्यांत निकाली काढावा, असे २००३ चे नियम सांगतात.

परंतु हे दार मंत्रालयात आहे. शेवगावच्या शेतकऱ्याने, शिक्षकाने, विधवा भगिनीने तेथपर्यंत पोहोचायचे कसे? महसुलाचा दावा तहसीलमध्ये चालतो, ग्राहकाची तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी चालते. मग सायबर भरपाईचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात स्वीकारून दूरदृश्य प्रणालीने त्याची सुनावणी का होऊ नये? ही मागणी शासनाकडे नेटाने मांडली गेली पाहिजे.

दुसरी उणीव तालुका पातळीवरची आहे. याच अधिनियमाच्या ७८ व्या कलमाप्रमाणे या कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यालाच करता येतो. २००८ च्या दुरुस्तीपूर्वी तर उपअधीक्षकाच्या दर्जाची अट होती. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक असतो एखादाच. बंदोबस्त, अपघात, खून, दंगल हे सारे सांभाळून त्याने दूरच्या राज्यातील भाडोत्री खात्यांचा माग केव्हा काढायचा? जिल्ह्याच्या सायबर ठाण्यावर पडणारा भार याच कारणाने वाढत जातो. प्रशिक्षित मनुष्यबळाची तालुक्यापर्यंत भरती हाच त्यावरचा उपाय आहे.

तिसरी उणीव सर्वांत जिव्हारी लागणारी आहे. बँकेने अडवून धरलेला पैसा आपोआप घरी येत नाही. त्यासाठी सामान्यतः न्यायालयाचा आदेश लागत आला आहे. दहा-पंधरा हजारांसाठी वकील आणि तारखा परवडत नसल्यामुळे अनेकांनी तो नाद सोडून दिला. गुजरात आणि तेलंगणा या राज्यांनी लोकअदालतींच्या माध्यमातून अशा रकमा मोठ्या प्रमाणावर परत देऊन मार्ग दाखवला आहे. राजाने प्रजेचे द्रव्य परत द्यावे, हा जुना दंडक आजच्या काळात असाच पाळता येतो. महाराष्ट्राने, ज्याने ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी १९९९ साली स्वतःचा कायदा केला, त्याने येथेही पाऊल मागे ठेवू नये.

भय आणि लज्जा

शासनाच्या उणिवा सांगून झाल्यावर समाजाच्या उणिवांकडेही पाहायला हवे. सायबर भामट्याची खरी शस्त्रे तीन आहेत: लोभ, भय आणि लज्जा. लोभाचा अनुभव या तालुक्याने घेतला आहे. भयाचे आजचे नाव 'डिजिटल अरेस्ट'. दृश्य दूरध्वनीवर पोलिसाच्या गणवेशातील माणूस दिसतो, 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' असे सांगतो, दिवसेंदिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो आणि आयुष्यभराची कमाई 'तपासणीसाठी' वळती करून घेतो. याला बळी पडणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक असे सुविद्य लोक आहेत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या प्रकाराबद्दल देशाला सावध केले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन १ डिसेंबर २०२५ रोजी अशा गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि त्यासाठी राज्यांनी संमती द्यावी असे सांगितले. शीव आली म्हणून माग थांबू नये, हेच तत्त्व येथेही दिसते. नागरिकाने मात्र एक वाक्य पाठ केले तरी पुरे: भारतातील कोणत्याही कायद्यात दूरध्वनीवरून अटक नावाची गोष्ट नाही.

लज्जेचे शस्त्र सर्वांत घातक. 'लोक काय म्हणतील' या विचाराने सासू सुनेला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही, मुलगी आईला सांगत नाही. अश्लील चित्रफितीच्या धमकीने पैसे उकळणाऱ्या टोळ्या तर केवळ या मौनावर जगतात. घरात चोर शिरला तर आरडाओरडा करणारा माणूस खात्यात चोर शिरला की गप्प बसतो, हे चित्र पालटले पाहिजे. ज्याची चोरी झाली तो अपराधी नव्हे.

कुटुंबांनी करण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत. १९३० हा क्रमांक दाराशेजारी, दूधवाल्याच्या आणि गॅसच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावा. पैसे गेल्याचे कळताच आधी त्या क्रमांकावर, मग बँकेला कळवावे. ग्राहकाने तत्परतेने कळवले तर त्याची जबाबदारी मर्यादित राहते, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले आहे. संदेश, व्यवहार क्रमांक, पडद्याची छायाचित्रे पुसू नयेत. न्यायालयात तोच पुरावा ठरतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. आपले बँक खाते आणि सिमकार्ड कोणालाही वापरायला देऊ नये. चार हजारांच्या मोहापायी मुलगा आरोपी होऊन परराज्यातील न्यायालयात उभा राहतो. गुंतवणुकीचा सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे तपासावे, आणि निश्चित परताव्याची हमी देणारा माणूस शेअर बाजाराचा असूच शकत नाही, हे मनावर कोरून ठेवावे.

कार्यकर्त्यांसाठीही येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. वस्तीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून त्यांना महिन्यातून एकदा भेटणे, बचत गटांच्या बैठकीत पंधरा मिनिटे या विषयाला देणे, गणेशोत्सवात जिल्ह्याच्या सायबर ठाण्यातील अधिकाऱ्याला बोलावणे, आणि फसलेल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाणे, यासाठी ना निधी लागतो ना सत्ता. यांतले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. पोलीस ठाण्याची पायरी एकट्याने चढणे ग्रामीण माणसाला जड जाते. सोबत दुसरा असला की त्याचा आवाज उमटतो.

शेवगाव हे बाळासाहेब भारदे यांचे गाव. सहकार खात्याचे मंत्री, १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष आणि तरीही कीर्तनकार म्हणून लोकांच्या मनात राहिलेले हे व्यक्तिमत्त्व. सहकाराची सारी इमारत परस्पर विश्वासावर उभी असते. त्या विश्वासाचा सौदा करणाऱ्यांनी या तालुक्याला जखम केली आहे. पण फसलेल्या समाजाने एकमेकांवर विश्वास ठेवणेच सोडून दिले, तर ती चोराची दुसरी आणि अधिक मोठी चोरी ठरेल. विश्वास ठेवावा, पण डोळस ठेवावा. आणि तो मोडला गेला, तर त्याच घटकेला मोठ्याने सांगावे. राज्याने आपले जागले नेमले आहेत. ते पुरेसे नाहीत, त्यांची संख्या आणि साधने वाढवून घेण्याचा आग्रह समाजाने धरलाच पाहिजे. परंतु चोरी झाल्याची हाक ज्या घरातून यायची ते घरच मुके राहिले, तर जगातला सर्वांत कुशल जागल्यासुद्धा माग काढू शकणार नाही.